चेनला तेलाऐवजी मेण: दिवाळी ते पावसाळा, इंदूरचा अनुभव

सायकलची सगळी कामं आवडतात म्हणणारा माणूस भेटला की मी त्याला जॉकी व्हील खरवडायला देते. पंक्चर काढणं, ब्रेकची वायर ताणणं, हवा भरणं, यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. पण मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गियर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाच्या, त्या दोन चिमुकल्या चाकांवर तेल आणि धूळ मिळून जो काळा थर बसतो, तो स्क्रूड्रायव्हरने काढला की बोटांना लागतो, बोटांवरून दाराच्या कडीला आणि तिथून घरभर. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी चेनचं तेल बंद केलं आणि पॅराफिनचं मेण सुरू केलं. आता पावसाळा निम्मा सरला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

सायकल आठ गियरची हायब्रिड. राजेंद्र नगरहून पलासियाला रोजचं ऑफिस आणि रविवारी महूकडे किंवा सिमरोलच्या घाटापर्यंत. म्हणजे शर्यतीतला वेग वगैरे मला नको होता. मला स्वच्छ हात हवे होते.

मेणाचं तत्त्व साधं आहे. तेल ओलं असतं म्हणून धूळ धरतं, आणि तेलात भिजलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते. चेन झिजते ती आतून, पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेरून कितीही चकचकीत पुसली तरी तिथपर्यंत फडकं पोचत नाही. मेण आत जाऊन घट्ट होतं आणि कोरडं राहतं. साधं पॅराफिन पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळीसवर गेला तरी चेनवरून ओघळलं नाही. ही शंका मला आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने विचारली आहे.

आता कष्टाचं सांगते, कारण व्हिडिओंत हा भाग पटकन पुढे सरकवतात. नव्या चेनवर कारखान्याचं ग्रीस असतं आणि ते पूर्ण निघाल्याशिवाय मेण धरत नाही. रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं, बरणीत चेन घालून हलवली, काळं झालेलं ओतून पुन्हा नवीन घेतलं, ते स्वच्छ दिसेपर्यंत. शेवटी स्पिरिटची एक धुलाई. हे काम गच्चीवर, उघड्या हवेत आणि गॅसपासून लांब करायचं. वापरलेलं टर्पेंटाइन मोरीत ओतू नका. बरणी ठेवून द्या, गाळ खाली बसतो, वरचं पुन्हा वापरता येतं. उरलेला गाळ मी बंद डब्यात कचरागाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात देते. गाडीबरोबरच्या ताईंनी पहिल्यांदा डबा उघडून वास घेतला होता, आता नुसत्या हसतात.

मेण मेणबत्त्यांचं सामान विकणाऱ्याकडून घेतलं. चेनवर थेंब थेंब सोडायच्या बाटलीबंद मेणाच्या (ड्रिप वॅक्स) पैशात ते किलोंनी येतं. वितळवायचं मात्र नेहमी पाण्यावर: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. थेट आचेवर मेण उकळून इशारा देत नाही, तापतच जातं, धुरावतं आणि मग पेट घेतं. पाण्यावर ठेवलं की शंभरच्या वर जायचा प्रश्नच नाही. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे तर अठ्ठ्याण्णवलाच पाणी उकळतं. तरीही झाकण हाताशी ठेवा. पेटलंच तर झाकायचं, पाणी अजिबात मारायचं नाही.

चेन जुन्या स्पोकला अडकवून बुडवली की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले की मेण आत भरलं. लगेच काढली तर पातळ मेण निथळून जातं, म्हणून आच बंद करून वर साय धरेपर्यंत थांबायचं आणि मग काढून टांगायची. थंड झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते, एकेक कडी मोडून मोकळी करावी लागते. त्यासाठी मी लाटण्याकडे नुसतं बघितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पातेलं गेलं ते गेलं, लाटण्याला हात लावायचा नाही हं." आता झाडूचा दांडा वापरते. आमच्या मेणाच्या पातेल्यावर त्यांनी नेलपॉलिशने मोठी फुली मारून ठेवली आहे.

पहिल्या फेरीत गियर जरा अडखळतात आणि पांढरे कपचे गळतात. घरात सायकल ठेवत असाल तर खाली वर्तमानपत्र घाला.

पुढे मात्र सुख आहे. कोरड्या दिवसांत अडीचशे-तीनशे किलोमीटर सहज निघतात. मेण संपलं की चेन चिवचिवायला लागते, वेगळी नोंद ठेवायची गरज पडत नाही. पुन्हा मेण घालण्याआधी टर्पेंटाइनही लागत नाही, बादलीत चेन ठेवून वरून उकळतं पाणी ओतायचं. (ते पाणीही सिंकमध्ये नको, पाइपात मेण थिजतं. गार होऊ द्या, वरची चकती उचलून टाका.) रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्याकडून आले तेव्हा टायर गुलाबी, फ्रेम गुलाबी, चेनवरचा गुलाल कोरड्या फडक्याने झटकला गेला. तेलाच्या दिवसांत त्याचा लगदा झाला असता. जॉकी व्हील गेल्या दिवाळीपासून खरवडलेलं नाही. माझ्या लेखी सगळा खटाटोप एवढ्यावरच वसूल झाला.

पाऊस सुरू झाला आणि हिशेब उलटला. मेण बाहेरच्या पत्र्यावर तेलासारखं पसरून राहत नाही. एकदा भिजलेली चेन रात्रभर तशीच राहिली की सकाळी नारिंगी. त्यात आपली माळव्याची काळी माती: सिमरोलकडच्या कडेच्या चिखलात चाक गेलं की ती मडगार्डपासून चेनपर्यंत सगळं लिंपून टाकते. दर भिजण्यानंतर चेन उतरवून वाळवून पुन्हा मेणात घालणं मला जमणार नाही, आणि रोज ऑफिसला जाणाऱ्या कोणाला जमेल असं वाटत नाही. म्हणून जूनअखेर जुनी चेन चढवली, तिला पावसाळी घट्ट तेल दिलं. मेणाची चेन कागदात गुंडाळून कपाटात आहे. हात पुन्हा काळे होतात, पण दोन-तीन महिन्यांपुरते.

एक सूचना क्विक लिंकबद्दल, म्हणजे चेन उतरवण्यासाठी उघडायच्या जोडकडीबद्दल. आठ गियरच्या चेनची लिंक पुन्हा पुन्हा उघडता येते, ती उघडायची पक्कड मात्र घ्याच. अकरा-बारा गियरच्या बऱ्याच लिंक एकदाच वापरायच्या असतात. तुमची सायकल तशी असेल तर दर वेळी नव्या लिंकचा खर्च धरा.

बाकी नावडती कामं मी पैसे देऊन करून घेते. हायड्रॉलिक ब्रेकचं तेल बदलणं तर पहिलं. कशात मिनरल ऑइल, कशात डॉट फ्लुइड, आणि चुकीचं घातलं की सील फुगून बसतात. हबच्या कोनची (चाकाच्या मध्यातल्या बेअरिंगला धरणाऱ्या शंकूची) मापं घेत बसायलाही धीर लागतो, तो माझ्याकडे नाही.

झीज बघायला महाग साधन नको. इंचांची पोलादी पट्टी एका पिनच्या मध्यावर लावा. बारा इंचांवर बरोबर पिनचा मध्य आला तर चेन ठणठणीत. तो १/१६ इंच पुढे सरकला तर नव्या चेनची तयारी, १/८ सरकला तर कॅसेटचाही (मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचा) बळी गेलेला असू शकतो. मेणाची चेन कपाटात ठेवताना मोजली, पिन अजून बाराच्या रेघेवरच आहे. जुनी तेलाची चेन १/१६ च्या जवळ आली आहे, ती दसऱ्यापर्यंत ओढली की बास.