छिद्रं मोजायची कशावर: कोरडी कवटी की सीटी स्कॅन?

प्रबंधासाठी कवटीच्या तळातली छिद्रं मोजायची आहेत, पण हाडांवर की स्कॅनवर, हे ठरत नसेल तर हे वाचा.

खर्चाचं लवकर उरकतं. कवट्या, व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणि बारीक तार एवढ्यावर काम भागतं. आधीच काढलेले स्कॅन वापरले तर तेही महाग पडत नाहीत. नैतिकता समितीची परवानगी मात्र हवी.

खरी गोम अचूकतेत आहे. फोरॅमेन ओव्हेल या कवटीच्या तळातल्या लंबगोल छिद्राच्या पुढे, आतल्या अंगाला काहींमध्ये व्हेसॅलियस या शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाचं छोटं छिद्र असतं. कवटीत तार आरपार गेली की शंका मिटते. स्कॅनचे काप (थराथराने घेतलेल्या प्रतिमा) जाड असतील तर ते छिद्र निसटतं. उलट जुन्या कवटीतलं पातळ हाड तुटलेलं असेल, तर नसलेलं छिद्रही 'सापडतं'. कडा गुळगुळीत आहे का ते बघाच.

वय, लिंग? कवटीबाबत बहुधा अंदाजच. स्कॅनसोबत नोंद असते.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतल्या तीव्र वेदनेच्या उपचारात गालातून सुई फोरॅमेन ओव्हेलमध्ये नेतात. ती चुकून व्हेसॅलियसच्या छिद्रात शिरली तर कॅव्हर्नस सायनसला (मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेच्या पोकळीला) इजा होऊ शकते. सुईचा मार्ग हाच विषय असेल तर पातळ कापांचे स्कॅन घ्या. छिद्रांचे आकार, दुभागणी, हाडाचे पूल नोंदवायचे असतील, तर कवटी हातात धरण्याला तोड नाही.