मुंबईत अटक झालेला माणूस ऑनलाइन शोधणे: आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, मी वकील नाही, पत्रकार नाही, सीएच्या ऑफिसात जीएसटीचे रिटर्न भरते. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या मुलाला गणपतीच्या आठवडाभर आधी रात्री साडेबाराला घरून उचललं, नाक्यावरच्या मारामारीत त्याचंही नाव आलं होतं, आणि सकाळी मावशी पीठ मळायचं सोडून माझ्यासमोर उभ्या, ताई तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना, बघा ना पोराला कुठं ठेवलंय. तेव्हापासून मी हे सगळं वापरतेय, आधी त्याच्यासाठी आणि मग मावशींच्या चाळीतून अजून चार-पाच जणांसाठी, कारण एकदा कळलं की ताईला जमतं की मग फोन थांबत नाहीत.

गूगल केलं तर पहिल्या पानावर अर्ध्या साइट अमेरिकेच्या. तिकडच्या बऱ्याच मोठ्या शहरांत जेलच्या साइटवर नाव टाकलं की माणूस आत आहे का ते सरळ दिसतं. आपल्याकडे असं एक ठिकाण नाही, अटक पोलिसांकडे, जामीन कोर्टाकडे, सुटका जेलकडे, आणि या तिघांना जोडणारा धागा म्हणजे गुन्ह्याचा नंबर. पोलीस गु.र.नं. म्हणतात, वकील सीआर नंबर म्हणतात, एकच. हा नंबर आणि पोलीस स्टेशनचं नाव एवढं हातात असेल तर बाकी सगळं सापडतं, नसेल तर नुसत्या नावावर रात्र घालवाल. मी घालवलीय.

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर अटक आरोपींची यादी असते, तिथं बृहन्मुंबई निवडायचं, मग स्टेशन, मग तारखा. ही यादी म्हणजे कुणी केलेले उपकार नाहीत बरं का, कायद्यातच आहे. आधी सीआरपीसीत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत) कलम 41सी होतं, अटक झालेल्यांची नावं कंट्रोल रूमबाहेर बोर्डवर लावायची, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी जी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या कलम 37 मध्ये तर प्रत्येक पोलीस स्टेशनला आणि जिल्हा मुख्यालयात ही माहिती ठळक लावायची, डिजिटलसुद्धा चालेल, आणि ती ठेवायला एएसआयच्या (सहायक उपनिरीक्षकाच्या) खालचा नाही असा अधिकारी नेमायचा असं आलंय. मी एका स्टेशनला (नाव नाही लिहीत) बोर्ड कुठाय विचारलं तर ठाणे अंमलदारांनी (स्टेशनात ड्युटीवर असलेल्या पोलिसांनी) आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग कपाटामागचा बोर्ड दाखवला, त्यावर नऊ दिवसांपूर्वीची यादी. पण कलम 37 म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर उघडून नंबर सांगितला हेही खरं, त्यामुळे हे कलम पाठच करून जा. आणि आवाज चढवू नका, त्याने काही होत नाही.

मुलगा त्या स्टेशनला नव्हताच तो भाग वेगळा. मुंबईत प्रत्येक स्टेशनला लॉकअप नसतं, गुन्हा एकीकडे नोंदवलेला आणि माणूस दुसऱ्याच स्टेशनच्या लॉकअपमध्ये असं सर्रास असतं, आणि हे कुठल्याही साइटवर दिसत नाही, विचारावंच लागतं. अटक करताना अटकेचा मेमो करायचा, त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या कुणाची तरी सही घ्यायची आणि नातेवाइकाला कुठं ठेवलंय ते कळवायचं हा नियम सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू केसपासून, म्हणजे 1996 पासून आहे. मावशींची सही घेतली होती रात्री, पण कशावर केली ते त्यांना माहीत नव्हतं. डब्यात घडी करून ठेवलेला एक कागद दोन दिवसांनी निघाला, त्यावरच नंबर होता!! म्हणून पहिलं काम हेच, घरात काही कागद दिलाय का ते शोधा.

एफआयआर पोर्टलवरूनच डाउनलोड होते, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2016 मध्ये सांगितलंय की 24 तासांत अपलोड करायची, फक्त लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असल्या संवेदनशील गोष्टी सोडून. तुमच्या माणसाची एफआयआर दिसत नसेल तर आधी कलम कुठलं ते विचारा, मग साइटला शिव्या द्या.

आता ई-कोर्ट्सचं ॲप, म्हणजे कोर्टातल्या केसची माहिती दाखवणारं सरकारी ॲप. हे मला मनापासून आवडलंय, एवढं सांगते. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून कोर्टाच्या बाजूने काहीतरी हाताला लागायला लागतं, पीसीआर मिळाला की एमसीआर ते कळतं. (पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन, थोडक्यात आता जेलला जाणार. मावशींना एमसीआर ऐकून धक्का बसला होता पण वकील म्हणाले उलट बरं झालं, आता जामिनाचा अर्ज जोरात लावता येतो.) नावावर शोधायला जाऊ नका. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतं, गायकवाडमध्ये मधे ए आहे की नाही, विश्वनाथ डब्ल्यूने की व्हीने, टाइप करणाऱ्याच्या मनात त्या दिवशी काय आलं त्यावर आहे, आणि नुसतं शिंदे आणि वर्ष टाकलं तर लिस्ट संपतच नाही. एफआयआर नंबरचा (म्हणजे तोच गु.र.नं.) पर्याय घ्या, स्टेशन निवडा, नंबर, वर्ष, झालं.

यात मी तीन दिवस फसले ती गोष्ट म्हणजे पेंडिंग आणि डिस्पोज्ड. जामिनाचा अर्ज हा स्वतंत्र प्रकार असतो, त्याला स्वतःचा सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक केसचा वेगळा ओळख नंबर) असतो, सोळा अक्षरी, आणि अर्जावर निकाल लागला की तो डिस्पोज्डमध्ये जातो, मूळ केस पेंडिंगच राहते. मी रोज पेंडिंग बघत होते आणि मावशींना सांगत होते अजून काही नाही, आणि सेशन्स कोर्टाने जामीन देऊन दोन दिवस झाले होते. वकिलांनी फोन केला नव्हता आणि मी चुकीच्या खान्यात बघत होते. मावशी काही बोलल्या नाहीत, त्या दिवशी चार पोळ्या जास्तच झाल्या फक्त. सीएनआर एकदा मिळाला की ॲपमध्ये सेव्ह करा, परत कॅप्चा भरत बसायला लागत नाही.

जामीन झाला म्हणजे सुटला असं नाही, आणि ऑनलाइन सगळ्यात कमी दिसतं ते इथेच. ऑर्डर झाली, मग जामीनदार नाहीतर तात्पुरती कॅश बेल, मग कोर्टातून सुटकेचा आदेश निघतो, मग तो जेलच्या जामीन पेटीत पडायला लागतो, आणि पेटी उघडायच्या वेळा ठरलेल्या असतात. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये एका फिल्मस्टारच्या मुलाला हायकोर्टाने 28 तारखेला जामीन दिला आणि तो आर्थर रोडमधून बाहेर आला 30 ला, तेव्हा टीव्हीवर दिवसभर पेटी पेटी चाललं होतं आणि मी चहा पीत हसले होते. आमचा कागद वीस मिनिटं उशिरा पोचला आणि पोराची आणखी एक रात्र आत गेली. तेव्हा काही हसू आलं नाही.

हे बदलावं म्हणून सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलंय, जामिनाच्या ऑर्डरची कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेल सुपरिटेंडेंटला पाठवायची, ई-प्रिझन्समध्ये (जेलच्या सरकारी कॉम्प्युटर सिस्टिममध्ये) जामिनाची तारीख टाकायची, आणि सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. या शेवटच्या गोष्टीचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला, चाळीतल्या दुसऱ्या एका मुलाला जामीनदार मिळत नव्हता, प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो, फुकट वकील मिळाला, रक्कम कमी करायचा अर्ज लागला. ई-प्रिझन्सच्या साइटवर बाहेरच्या माणसाच्या कामाचं म्हणजे ई-मुलाखत, व्हिडिओवर भेटायला नंबर लावता येतो. सुटकेची यादी मला तरी तिथे सापडलेली नाही.

आरटीआयचंही (माहिती अधिकाराचंही) बघून ठेवा, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 30 दिवस नाही, 48 तासांत उत्तर द्यायचं असतं. मी वापरलं नाही, फक्त अर्ज लिहून नेला होता, तो टेबलावर ठेवल्यावर तोंडीच सगळं सांगितलं.

पैसे घेऊन पार्श्वभूमी तपासून देणाऱ्या एका साइटवर मी 499 रुपये घालवले. त्यांनी पाठवलेली पीडीएफ त्याच नावाच्या दुसऱ्याच माणसाची होती, वयच वीस वर्षांनी जास्त. रिफंड नाही. ते पण ई-कोर्ट्समध्येच नावाने शोधतात असं दिसतंय, म्हणजे मी जे फुकटात चुकत होते तेच ते पैसे घेऊन चुकतात.

आणि एक गोष्ट जी आठ महिन्यांपूर्वी मी लिहिली नसती. अटकेच्या त्या यादीचा स्क्रीनशॉट कुणीतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली तीन कपाळावर हातवाले इमोजी. मुलगा मोबाइल रिपेअरच्या दुकानात कामाला होता, मालकाने दुसरा ठेवला. जामिनाच्या ऑर्डरमध्ये जज साहेबांनी लिहिलंय की याने मारलं असं प्रथमदर्शनी दिसत नाही, ती ऑर्डर पण पब्लिकच आहे, पण ती सात पानांची आहे आणि इंग्रजीत, तिचा स्क्रीनशॉट कोण टाकणार. मी टाकला. दोघांनी अंगठा दाखवला, एक मी आणि एक माझा नवरा. त्यामुळे आता कुणी फोन करून म्हणालं की ताई, भाडेकरूचं जरा चेक करून द्या ना, तर मी नाही म्हणते. घरचा माणूस शोधायचा असेल तर रात्री दोनला पण फोन करा.

केस अजून चालू आहे, चार्जशीट आली. पुढची तारीख काल ॲपवर दिसली, सकाळी मावशींना सांगितली, त्या म्हणाल्या बरं झालं, त्या दिवशी साडेसहालाच येऊन पोळ्या करून जाते.