पेटंट धरून ठेवायचं की बाजार धरायचा?

आपलं तंत्र मानक व्हावं, सगळ्यांच्या यंत्रांत बसावं असं वाटत असेल, तर एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. दर यंत्रामागे रॉयल्टी घ्यायची, की ती सोडून आधी वापर पसरू द्यायचा? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण एक मोठा अपवाद ठेवून.

संगणकाला कॅमेरा, डिस्क वगैरे जोडायच्या अॅपलच्या फायरवायर या तंत्राचंच बघा. १९९५ मध्ये ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं १३९४ क्रमांकाचं मानकही झालं होतं. वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. सुरुवातीच्या यूएसबीचा जेमतेम १२. तंत्र म्हणून तुलनाच नव्हती. पण १९९९ च्या सुमारास अॅपलने दर पोर्टमागे एक डॉलर मागितला. ऐकायला किरकोळ वाटतं, पण संगणक बनवणारा एकेका सुट्या भागाचे सेंट मोजत असतो, आणि यूएसबीला अशी रॉयल्टी नव्हती. पुढे ही मागणी यंत्रामागे २५ सेंटवर आली, तोवर उत्पादकांची मनं वळली होती. २००० मध्ये ४८० मेगाबिटची यूएसबी २.० आली आणि वेगाचा मुद्दाही बराचसा निकालात निघाला. मानकाची कागदपत्रं हातात असूनही बाजार निसटला, हे मला फार बोलकं वाटतं.

व्हिडिओ कॅसेटमध्येही असंच काहीसं झालं. सोनीचं बीटामॅक्स हे कॅसेटचं तंत्र १९७५ मध्ये, जेव्हीसीच्या व्हीएचएसच्या एक वर्ष आधी आलं. जेव्हीसीने मात्र व्हीएचएसचे परवाने इतर उत्पादकांना मोकळेपणाने दिले. १९८८ मध्ये सोनीलाही व्हीएचएस यंत्रं बनवावी लागली. अर्थात व्हीएचएसची कॅसेट पहिल्यापासून दोन तास चालायची आणि बीटामॅक्सची एकच तास, तेव्हा सगळं श्रेय परवान्यांना देता येणार नाही.

आता अपवाद. क्वालकॉम या अमेरिकन कंपनीने सीडीएमए या मोबाइल संपर्काच्या तंत्रावर पेटंटं घेतली, ते तंत्र मोबाइलच्या मानकांत बसवलं आणि १९९९-२००० च्या सुमारास स्वतःचा हँडसेटचा धंदा क्योसेरा या जपानी कंपनीला विकून टाकला. फोन दुसऱ्यांनी विकायचे, रॉयल्टी यांनी घ्यायची. हे जमलं, कारण त्या तंत्राला वळसा घालून तिसऱ्या पिढीचं नेटवर्क उभं करणं अवघड होतं. तुमच्या शोधाला असा वळसा घालता येतो का? घालता येत असेल तर पेटंटच्या भरवशावर बसू नका. प्रतिस्पर्धी तो घालतीलच. घालता येत नसेल तर रॉयल्टी जरूर मागा, पण मानक ठरवणारी संस्था रास्त आणि भेदभाव न करणाऱ्या अटींचं वचन बहुधा आधीच मागते, हे धरूनच हिशेब करा.

आणि पेटंटधारक एकच नसतील तर? २०१३ च्या एचईव्हीसी या व्हिडिओ मानकासाठी परवाने देणारे वेगवेगळे गट तयार झाले. एकूण किती पैसे द्यायचे याचा अंदाजच उत्पादकांना येईना. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स वगैरे एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे रॉयल्टीमुक्त व्हिडिओ मानक बाहेर पडलं.

वापर पसरू द्यायचा म्हणजे पेटंट घ्यायचंच नाही, असं मात्र नव्हे. पेटंट घ्या, परवाना फुकट द्या, आणि त्यात एव्ही१ च्या परवान्यात आहे तसं कलम घाला: त्याच तंत्रावरून जो पेटंटचा दावा लावेल, त्याचा परवाना संपला.