बालवाडीच्या खेळण्यांत माझे १२,४३९ रुपये गेले

हे लिहायला महिना घेतला, कारण लाज वाटते. चौदा वर्षं मी बालवाडी चालवते. अडीच ते पाच वर्षांची चोवीस मुलं आहेत. साधनं कोणती घ्यावीत हे आजवर पालक मला विचारत आले, आणि फसले मीच.

मोबाइलवर जाहिरात आली. 'कारखाना बंद करतोय, मॉन्टेसरीची लाकडी साधनं निम्म्या किमतीत.' असल्या जाहिराती कशा असतात ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. पण यांचा फोन लागत होता आणि बोलणारी बाई मराठीत बोलत होती. दट्ट्यापेटीत (लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहान-मोठे दट्टे बसवायचे असतात ती) चार प्रकार असतात, हेही तिला माहीत होतं. माझा विश्वास बसला तो तिथेच.

दोन गुलाबी मनोरे ३,७८०, चार दट्ट्यापेट्यांचा संच ४,५६० आणि मण्यांच्या पेट्या ३,६००, असे एकूण ११,९४० रुपये. प्रत्येक पालकाकडून ३०० प्रमाणे ७,२०० जमले होते, वरचे ४,७४० माझे. आगाऊ २,३८८ यूपीआयने भरले. उरलेले पार्सल आल्यावर द्यायचे होते. अर्ध्याहून जास्त पैसे आपल्याच हातात आहेत, मग धोका कसला, असं मला वाटलं. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो सांगते. पार्सल निघाल्याचा मेसेज आला, त्यात वजन लिहिलं होतं: २.१ किलो. गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. दहाही मिळून ३,०२५ घनसेंटिमीटर लाकूड होतं. पाइनसारखं हलकं लाकूड धरलं तरी एक मनोरा सव्वा किलोच्या वर जातो. नुसते दोन मनोरेच अडीच किलोच्या पुढे, मग दट्ट्यापेट्या आणि मणी कुठे गेले? मोठा घन दोन हातांनी उचलावा लागतो, त्या वजनातूनच मुलाला लहान-मोठं कळतं, हे मी दर जूनला पालकांना सांगते. मेसेज वाचला तेव्हा मनात खटकलं होतं. 'चुकून लिहिलं असेल' म्हणून मी फोन खाली ठेवला.

गुरुवारी मुलं सुटायच्या वेळेला कुरियरवाला आला. म्हणाला, "ताई, आधी पैसे, मग ओटीपी. उघडून बघता येत नाही." खोकं हातात घेतलं तेव्हाही ते हलकं लागलं. दारात पालक उभे होते, एक मूल रडत होतं. मी ९,५५२ रुपये रोख मोजून दिले. उघडून दाखवत नसतील तर पार्सल परत पाठवा. दारात कोणीही उभं असो.

आत थर्माकोलवर गुलाबी कागद चिकटवलेले घन, तेही आठच. दट्ट्यापेटी एकच आणि तीही पोकळ प्लॅस्टिकची. मणी हरभऱ्याएवढे, ओल्या फडक्याने पुसले तर फडकं लाल झालं. माझ्याकडे अडीच वर्षांची पाच मुलं आहेत, हातात येईल ते तोंडात घालणारी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत पूर्ण मावला, तर तो घशात अडकण्याएवढा लहान धरतात. हे मणी त्या नळीत मूठभर मावले असते. पैशांपेक्षा संताप याचा येतो.

खोक्यावर आयएसआयचा शिक्का होता. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे. पण नुसता शिक्का बघू नका, त्याखालचा सीएम/एल हा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपमध्ये घालून बघा. मी घातला, पैसे गेल्यावर. असा परवानाच निघाला नाही.

त्याच बाईला फोन केला. तिने माफी मागितली. म्हणाली, माल परत न्यायला ४९९ भरा, ते रिफंडमध्ये मिळतील. भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. आपले पैसे परत मिळवायला आपणच पैसे भरायचे नसतात.

पोलीस ठाण्यात अडीच तास बसवलं. "बाई, माल मिळालाय ना? मग चोरी कुठं झाली? ग्राहक मंचात जा." सायबर शाखेत गेले तर म्हणाले, रोख दिलेत, त्यात आमचं काय? बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. कुरियरचा माणूस म्हणाला, आम्ही फक्त खोकं पोचवतो. मग माझे ९,५५२ रुपये कुठल्या खात्यात जमा केलेत ते तरी सांगा! तेही सांगत नाहीत. पुन्हा ठाण्यात गेले तेव्हा तिथल्या एकाने हसून विचारलं, "खेळण्यांसाठी एफआयआर करायची का?" मुलाच्या घशात मणी अडकल्यावर करायची का मग? चार ठिकाणी चार अर्ज दिले, पोच एकाच ठिकाणी मिळाली, तीही भांडून.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. संकेतस्थळावर विक्रेत्याचं नाव आणि पूर्ण पत्ता देणं कायद्याने बंधनकारक आहे. तो नसेल तर तिथेच थांबा. मी फोन नंबरवर समाधान मानलं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी तीन दिवस त्या बाईच्या रिफंडची वाट बघितली.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं होती. प्रशिक्षणात आम्हीही चिंचोके आणि काड्यापेट्यांवरच शिकलो. पालक 'मॉन्टेसरीचं सामान कुठाय' विचारायला लागले म्हणून मी विकतच्या मागे लागले.

पालकांना सभेत सगळं सांगितलं, ७,२०० रुपये परत केले. एका मुलाचे वडील सुतार आहेत. त्यांनी आठ दिवसांत सागाचा मनोरा करून दिला. तो मी काट्यावर ठेवला: एक किलो नऊशे.

तीच जाहिरात परवा पुन्हा दिसली, नाव दुसरं, नंबर दुसरा, फोटो तोच. हिरव्या सतरंजीवर मनोरा आहे आणि खालून तिसऱ्या घनाचा कोपरा उडालेला आहे. तो कोपरा दिसला तर तिथे एक रुपयाही भरू नका.