‘सेकंड हाफ तेवढा बघून द्या’ : एका सीक्वेलच्या पुनर्लेखनात मी कसा फसलो

चेक 45,900 रुपयांचा होता. ठरलेलं टोकन, म्हणजे सुरुवातीची आगाऊ रक्कम, 51,000, त्यातून दहा टक्के टीडीएस कापलेला. चेकसोबत अकाउंटंटने एक व्हाउचर पुढे केलं, रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. मी उभ्याउभ्याच सही केली. सहीच्या वर इंग्रजीत बारीक अक्षरांत दोन ओळी छापल्या होत्या, त्या वाचल्या नाहीत. पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जून 2022. मुंबईत ओशिवऱ्यातलं ऑफिस. काही वर्षांपूर्वी बऱ्यापैकी चाललेल्या एका हिंदी ॲक्शनपटाचा दुसरा भाग करायचा होता. बाऊंड स्क्रिप्ट, म्हणजे संवादांसकट पूर्ण पटकथा, तयार होती, दुसऱ्या एका लेखकाची, 142 पानांची. एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर मराठीच. म्हणाले, “फर्स्ट हाफ बसलाय. सेकंड हाफ तेवढा बघून द्या.” मी कराराचं विचारलं. “अहो, आपल्या माणसांत कागद कशाला? हिरोच्या डेट्स आल्या की सगळं रीतसर करू. सहा लाख फायनल.” दहा वर्षं मालिकांचे संवाद लिहिल्यावर दारात आलेला हा पहिला सिनेमा. समोरचा माणूस घरच्यासारखा बोलत होता. मी विश्वास ठेवला.

स्क्रिप्टचं दुखणं सेकंड हाफचं नव्हतंच. पहिल्या भागात हिरोने स्वतःला सिद्ध केलेलं असतं. त्यामुळे दुसऱ्या भागात तो जिंकेल का, हा प्रश्नच प्रेक्षकाला पडत नाही. जिंकण्यासाठी तो काय गमावेल, हा प्रश्न उभा करावा लागतो. त्या 142 पानांत नऊ मारामाऱ्या होत्या आणि प्रत्येकीनंतर हिरो होता तिथेच, होता तसाच. ॲक्शन सीनच्या आधी जे त्याच्या हातात होतं ते नंतर उरलं नाही, तरच गोष्ट पुढे सरकते. मी नवाच्या पाच केल्या. इंटरव्हलचा ब्लॉक, म्हणजे मध्यंतराआधीचा मोठा प्रसंग, ससून डॉकच्या मासळी बंदरावर नेला. त्यासाठी तीन दिवस बोरिवलीहून पहिली लोकल पकडून कुलाब्याला गेलो. पहाटेचा लिलाव, बर्फ फोडायची यंत्रं, निसरडी फरशी, डोक्यावर टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायका यांच्यामधून हिरो आपल्या जखमी भावाला ओढत नेतो आणि शेवटी त्याचा हात सोडावा लागतो. फाईट मास्टरला कळावं म्हणून कोण कुठून येतो, पाय कुठे घसरतो, हेसुद्धा लिहिलं. त्या अकरा पानांवर माझा आजही जीव आहे.

मग ड्राफ्ट सुरू झाले. दुसरा, तिसरा, थेट सहावा. प्रत्येक वेळी ‘एवढं एक पॉलिश’. मेल नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाका, असा आग्रह. त्या ग्रुपवर सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जायचे. सूचना कधीच लेखी नाहीत. फोनवर किंवा समोर बसवून. गुप्ततेसाठी असेल, असं मला वाटायचं. खरं तर मी काम करतोय याचा पुरावा मागे राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

जानेवारी 2023 मध्ये फोन आला. प्रोजेक्ट होल्डवर आहे, हिरोला सेकंड हाफ पटला नाही. पुढे महिनाभराने वर्सोव्यातल्या आरामनगरमध्ये एका ओळखीच्या लेखकाची भेट झाली. बोलताबोलता तो म्हणाला, मी एका सीक्वेलचा क्लायमॅक्स लिहितोय, इंटरव्हल ससून डॉकवर आहे. माझ्या पोटात गोळा आला. त्याला दिलेली पानं माझीच होती, फक्त माझं नाव असलेलं पहिलं पान काढलेलं. त्यालाही 51,000 मिळाले होते. त्यालाही सहा लाख सांगितले होते. आणि ‘फर्स्ट हाफ बसलाय’ असं सांगून आणखी एकाकडून फर्स्ट हाफ लिहून घेणं चालू होतं.

आता व्हाउचर वाचलं. या प्रोजेक्टसाठी केलेल्या आणि यापुढे करायच्या सर्व लेखनाचा, सर्व हक्कांसह, पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला, असं त्यात होतं. 26 एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून पाहिलं, तर कापलेल्या 5,100 रुपयांची नोंदच नाही. तो टीडीएस सरकारकडे भरलाच नव्हता.

वकिलांनी सांगितलं ते नीट ऐका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क द्यायचे तर लेखी, सहीनिशी. आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरातला रॉयल्टीचा वाटा लेखक निर्मात्याला सोडूनही देऊ शकत नाही. म्हणजे ते व्हाउचर कोर्टात लंगडं पडू शकतं. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलंय. मी तोंडी सांगितलेलं सगळं गेलं. लिहिलेलं तेवढं माझं. त्यातलाही फक्त तिसरा ड्राफ्ट मी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवला होता, तोही सहज आठवण झाली म्हणून. ती नोंद अमुक तारखेला हे लेखन माझ्याकडे होतं एवढंच दाखवते, पण आज माझ्या हातात भक्कम असं तेवढंच आहे.

सीक्वेलची मेख मात्र वेगळी आहे आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. स्वतंत्र कथा एका निर्मात्याने नाकारली, तर तुम्ही ती दुसऱ्याला ऐकवू शकता. सीक्वेलचा हिरो, त्याचं नाव, त्याचा भूतकाळ, सगळं त्यांचं. तुमचा ड्राफ्ट जगात दुसरं कुणीही विकत घेऊ शकत नाही, आणि हे त्यांना पक्कं माहीत असतं. पानं हातातून गेली की तुमच्याकडे घासाघीस करायला काही उरत नाही. म्हणून इथे ड्राफ्टवार हप्ते, किती ड्राफ्ट आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार, हे सही होण्याआधी एक पानही देऊ नका. पानं मेलवरच पाठवा, मीटिंगमधल्या सूचना त्याच रात्री स्वतः मेल करून ठेवा, प्रत्येक ड्राफ्ट पाठवण्याआधी नोंदवा, आणि तुमच्याआधीच्या लेखकाला शोधून त्याचे पैसे मिळाले का ते विचारा. मी त्या 142 पानांच्या लेखकाला तेव्हा फोन केला नाही. नंतर केला. त्यालाही टोकनच मिळालं होतं.

आम्ही तिघांनी मिळून नोटीस पाठवली आहे. असोसिएशनच्या तंटा निवारण समितीकडे तक्रारही केली आहे. उत्तर आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलाचा फोन आला. “दादा, एका सीक्वेलचा सेकंड हाफ मिळालाय.” मी त्याला व्हाउचरचा फोटो मागितला. त्याच दोन ओळी, तोच आकडा. त्याने अजून सही केली नव्हती.