जीटीए ५ : दरोडे राहू द्या, रस्त्यावरची माणसं पाहा

आमच्या आर्वी तालुक्यात हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस म्हणजे एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीत जेवणानंतर थ्री फेज येईपर्यंत जागायचं कसं, यावर उपाय म्हणून अमरावतीच्या एका पोट्ट्याकडून जुना पीएस४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा) घेतला, सोबत ग्रँड थेफ्ट ऑटो ५, म्हणजे जीटीए ५ या गेमची डिस्क. डिस्क नऊशेला पडली. गेम २०१३ चा, पीएस४ वर आला २०१४ मध्ये, म्हणजे वरात गेल्यावर मी मांडवात पोहोचलो. पण डिस्कवरून एकट्याने खेळायच्या कथेला नेट लागत नाही. आमच्या गावात मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, त्यामुळे माझ्यासाठी नऊशेतले पाचशे इथंच वसूल झाले.

दरोडे, पाठलाग, विमानं, सगळं झकास आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांबद्दल.

गेममध्ये मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर असे तीन दरोडेखोर नायक, आलटून पालटून तिघांनाही आपणच खेळवायचं. नकाशा सुरुवातीला झाकलेला असतो, फिराल तसा उघडतो. त्यावर मधूनच प्रश्नचिन्ह दिसतं, म्हणजे तिथं काम सांगणारा कोणी तरी उभा आहे. निळं असेल तर तो माणूस मायकलसाठी, हिरवं फ्रँकलिनसाठी, नारिंगी ट्रेव्हरसाठी. ज्याचं काम नाही त्याला तो भेटतच नाही. हे मला अगदी ओळखीचं वाटलं. सातबाऱ्यासाठी मी गेलो की साहेब बाहेर गेलेले असतात. माजी सरपंच गेले की तेच साहेब खुर्चीत बसून चहा पीत असतात.

काही जण तर ठरावीक वेळीच सापडतात. मग घरी जाऊन झोपायचं, म्हणजे वेळ पुढे सरकते. मायकल झोपला की सहा तास, फ्रँकलिन आठ आणि ट्रेव्हर पुरे बारा. ट्रेव्हरसारखी झोप ओलिताच्या दिवसांत मला एकदा तरी मिळावी.

यातली सगळ्यात भारी मॉड. गेममधल्या ग्रेपसीड गावाकडे घराबाहेर टेबल टाकून, लॅपटॉप घेऊन बसलेली बाई. जामिनावर सुटून पळालेले चार जण ती ट्रेव्हरला शोधायला लावते. नकाशावर खूण नाही, पत्ता नाही, मोबाईलवर फक्त एक फोटो. जिवंत आणला तर १०,००० डॉलर, मेलेला आणला तर ५,०००. आमचा टीव्ही चोवीस इंची, त्यात तो फोटो म्हणजे मतदार यादीतल्या फोटोसारखा. दोन रात्री मी वाळवंटभर गाडी फिरवली. तिसऱ्या रात्री बाबा खाटेवर पडल्या पडल्या पाहत होते. उठून चष्मा लावला आणि म्हणाले, "अबे, हे त खदान होय. डोंगर कसा पायऱ्यापायऱ्यांनं कापला, दिसत नाई का तुले?"

खदानच होती. डेव्हिस क्वार्ट्झ. गडी तिथंच सापडला. आनंदाच्या भरात मी गाडी त्याच्या अंगावरच घातली आणि पाच हजार डॉलरवर पाणी सोडलं. बाबा म्हणाले, "लय घाई तुले. जितेपणी आणाचा होता ना!"

प्रश्नचिन्हांशिवाय रस्त्यावर अचानक घडणारे प्रसंगही आहेत. नकाशावर लाल-निळा ठिपका लुकलुकतो, कोणी तरी ओरडतं, आणि तुम्ही नव्वदच्या स्पीडने पुढे निघून गेलेले असता. दुकानाबाहेर उभे असलेले दोघं मला असेच दोनदा हुकले. तिसऱ्यांदा थांबलो, तर त्यातला एक पॅकी निघाला. २००८ च्या जीटीए ४ मध्ये बँक लुटताना सोबत असलेला हाच तो. त्याला पोलिसांच्या तावडीतून गाडीने बाहेर काढलं की पुढच्या दरोड्यांसाठी तो तुमच्याकडे बंदूकवाला म्हणून येतो. हे कुठलंही मिशन सांगत नाही. थांबलात तर कळतं.

लिफ्ट मागणारेही भेटतात. ट्रेव्हरला मुभा अशी की त्यांना घरी सोडायचं, नाही तर डोंगरावरच्या एका पंथाला नेऊन विकायचं. मी एकाला नेलं. त्यानंतर दोन दिवस पुलगाव रोडवर कोणी हात दाखवला की मी गाडी थांबवायचो आणि उगाच जास्त गोड बोलायचो.

आता खटकलेलं. फ्रँकलिनच्या ओळखीची टोन्या नावाची बाई आहे, तिची कामं कंटाळवाणी आहेत. तिच्या जोडीदाराला नशेतून शुद्ध नाही, म्हणून त्याच्या बदल्यात फ्रँकलिनने गाड्या ओढून आणायच्या. एकदा ठीक, पाच वेळा कशाला? आमच्याकडे पोळ्याच्या आधी बिघडलेला ट्रॅक्टर ओढण्यात याहून जास्त थरार असतो. मोबाईलमधली अक्षरं बारीक आहेत, छोट्या टीव्हीवर डोळे फुटतात. शिव्या इतक्या की आई पोळ्या करत असली की मी आवाज बंद करतो. गेम १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे, घरात लहान पोट्टे असतील तर डिस्क कपाटात ठेवा. आणि एक सवय लावून घ्या, पात्राच्या मोबाईलमधून पटापट सेव्ह करत राहायचं. एकदा मॉडचा दुसरा गडी गाडीत बसवला आणि इकडे लाईट गेली. रात्री अकराला मी इतकं मोठ्याने ओरडलो की शेजारचे काका टॉर्च घेऊन आले. साप निघाला असं वाटलं त्यांना.

कोण कुठं सापडतं याची यादी नेटवर मिळते, व्हिडिओही मिळतात. मी एकदा चुलतभावाच्या फोनवर पाहिला आणि मजा गेली. पेपर फुटल्यावर परीक्षा दिल्यासारखं. म्हणून ओमेगाचं काम मी व्हिडिओ न पाहता करतोय. हा वाळवंटातला एक बुवा, त्याला परग्रहावरच्या यानाचे ५० तुकडे हवेत, नकाशावर एकाचीही खूण नाही. माझे एकतीस झालेत. हरभरा घाट्यावर आलाय, ओलीत संपलंय, रात्री जागायचं कारण उरलेलं नाही. तरी जेवण झालं की बाबाच खाट टीव्हीजवळ ओढतात आणि विचारतात, "त्या बुवाचं इमान कुठवर आलं बे?"