डॅफोडिलचे कंद: दोन मोसमांनंतरचा अनुभव

वीस कंद लावले होते. दहा 'टेट-अ-टेट' या बुटक्या जातीचे, दहा मोठ्या पिवळ्या फुलांचे. दोन बहर पाहून झाल्यावर लिहिते आहे, कारण पहिल्या बहरावरून या झाडाबद्दल काहीच ठरवता येत नाही. विकत आणलेल्या चांगल्या कंदात कळी आधीच तयार असते. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी.

हिवाळा सौम्य असेल तर कंदांना 12 ते 16 आठवडे गारवा द्यावा लागतो, म्हणून मी ते कागदी पिशव्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवले. एक पिशवी सफरचंदांशेजारी राहिली. पिकत्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीनमुळे कंदातली कळी आतच मरते. त्या चार कंदांना नुसती पाती आली. आणखी एक, फार महत्त्वाचं: हे कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहाच.

लावणी सोपी. टोक वर, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, पाणी साचणार नाही अशी माती.

फुलं गेल्यावर मात्र मी घाई केली. एका कुंडीतली पाती आडवी पडून विस्कटलेली दिसत होती, ती कापून टाकली. दुसरीतली तशीच ठेवली, वाळकी फुलं तेवढी खुडली, म्हणजे बी धरण्यात ताकद जाणार नाही. पाती आपोआप पिवळी पडायला सहा-सात आठवडे लागले. तोवर पाणी चालू ठेवलं आणि पोटॅशचं प्रमाण जास्त असलेलं खत दिलं. पुढच्या मोसमात दोन्हीकडचे कंद सारखेच गार केले, एकाच दिवशी लावले. पाती राखलेल्या कुंडीत सात फुलं आली. कापलेल्या कुंडीत एकही नाही. पातीच पुढच्या वर्षीच्या कळीसाठी अन्न साठवते, हे वाचलं होतं, पण त्या रिकाम्या कुंडीपुढे उभी राहिले तेव्हा फार हळहळ वाटली. पातीच्या गाठी मारणं, रबर लावून जुड्या बांधणं, हेसुद्धा करू नका. तिला ऊन मिळायला हवं.

जातींबद्दल: मोठी फुलं देखणी, पण वाऱ्यापावसात देठ लवतात. 'टेट-अ-टेट' जेमतेम वीतभर वाढतं, ताठ उभं राहतं आणि एका देठावर बहुधा दोन-तीन फुलं देतं. कुंडीसाठी मी तेच पुन्हा घेईन.

फुलदाणीत ठेवायची तर आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा. देठातला चीक इतर फुलांना लवकर कोमेजवतो. हातालाही खाज सुटते, म्हणून मी आता हातमोजे घालूनच देठ कापते.